फोन नदीत पडला, तर नेमकं काय बुडतं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या आबांचा मोबाइल गोव्यातल्या मांडवी नदीत पडला. रायबंदरहून चोडणला येणारी फेरीबोट धक्क्याला लागताना जो हिसका बसतो, तो आमच्या बेटावर प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे. त्या दिवशी आबांच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी आणि फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. हिसका बसला, फोन कठड्यावर आपटला आणि गेला. पावसाळ्यातली गढूळ मांडवी. तो कुठं पडला हेसुद्धा दिसलं नाही.

आबा घरी न जाता भिजलेले तसेच माझ्याकडे आले. "बँकेतले पैसे गेले, लायसन गेलं, आधार गेलं, पेन्शनचं सगळं त्यातच होतं," असं म्हणत ओसरीवर बसले. हात थरथरत होते. मी चहा ठेवला, वही काढली आणि आम्ही दोघांनी मिळून एक यादी केली: काय खरंच गेलं आणि काय जागच्या जागी आहे. संध्याकाळपर्यंत त्यांच्या जिवात जीव आला. तेव्हापासून वाटत होतं की ही यादी सगळ्यांसाठी लिहून काढावी. फोन वापरणाऱ्या कितीतरी जाणत्या माणसांनाही ती करता येत नाही, आणि यात त्यांचा काही दोष नाही. ॲप उघडलं की सगळं आपल्या तळहातावरच आहे असं वाटतं.

खरं म्हणजे फोनमध्ये दिसणाऱ्या गोष्टी तीन ठिकाणी राहतात. काही फोनच्या पोटात असतात. काही सिमशी, म्हणजे आपल्या नंबरशी बांधलेल्या असतात. बाकीच्या लांब कुठल्या तरी संगणकावर असतात: बँकेच्या, सरकारी खात्याच्या, गूगलच्या. या तिसऱ्या प्रकारासाठी फोन ही नुसती खिडकी. आबांचं आयुष्य टपाल खात्यात गेलं, म्हणून मी त्यांना विचारलं, "पोस्टाच्या काउंटरची काच फुटली म्हणून कुणाच्या बचत खात्यातले पैसे जातात का?" आबा म्हणाले, "जात नाहीत. पण काच फुटली तर आत हात घालता येतो." त्यांनी मुद्दा अगदी नेमका पकडला होता. त्या हाताबद्दल पुढे लिहितोच.

पहिलं काम सिमचं. नंबर ही आजच्या व्यवहारातली सगळ्यात मोठी किल्ली आहे, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो, आधारचा त्याच्यावर येतो, व्हॉट्सॲप त्याच्यावर उघडतं. फोन नदीच्या तळाशी असला तरी हे काम आधी करायचं, आणि बसमध्ये किंवा बाजारात हरवला असेल तर धावत करायचं. माझ्या फोनवरून आबांच्या सिम कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला आणि सिम बंद करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पणजीला जाऊन आधार दाखवून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं.

इथं पुष्कळ लोक गोंधळतात. नवं सिम सुरू होतं, फोन लागतो, पण ओटीपी येत नाही. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचे, असा नियम आहे. त्यामागचं कारण समजलं की राग येत नाही. समजा, एखाद्या भामट्यानं खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं. त्या क्षणी तुमचं सिम मरतं आणि त्याचं जिवंत होतं. एसएमएस लगेच सुरू असते तर पाच मिनिटांत ओटीपी त्याच्या हाती. या नियमामुळं तुम्हाला एक दिवस मिळतो. म्हणून आपल्या फोनची रेंज एकाएकी गेली, शेजारच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र ती आहे आणि तास दोन तास झाले तरी आपल्याला येत नाही, तर पावसाला दोष देत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा.

फोन पाण्यात न पडता चोरीला गेला असता, तर आणखी एक काम होतं. दूरसंचार खात्याची 'संचार साथी' ही सेवा २०२३ पासून चालू आहे आणि आता तिचं ॲपही आहे. प्रत्येक हँडसेटला आयएमईआय नावाचा १५ आकडी क्रमांक असतो. पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत आणि हा क्रमांक तिथं दिला की तो हँडसेट देशातल्या कुठल्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, मग चोरानं कोणतंही सिम घालो. फोन परत मिळाला तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. हा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. खोकं नसेल तर डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, पडद्यावर येतो. आज, फोन हातात असतानाच, तो कागदावर उतरवून ठेवा.

याच संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. एका माणसाला जास्तीत जास्त नऊ घेता येतात. आबांच्या नावावर दोन निघाली, एक त्यांचं आणि एक मुलीचं. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या आणि त्यासाठी कागदपत्रांच्या झेरॉक्स इकडेतिकडे देत असलेल्या आमच्या लोकांनी हे वर्षातून एकदा तरी पाहावं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच 'हा माझा नाही' असं कळवता येतं.

आता पैशांकडे येतो, कारण आबांना धसका बसला होता तो त्याचाच.

फोनपे, गूगल पे, भीम यांच्या मागे एकच यंत्रणा आहे: यूपीआय. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं ती २०१६ मध्ये आणली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भीम ॲप आलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलां आणि मिरच्या विकणाऱ्या बाईच्या टोपलीला टेकवलेला क्यूआर कोड आठवा. त्या चौकोनात फक्त तिचा पत्ता असतो, पाकिटावर असतो तसा. तुम्ही तो स्कॅन करता, ॲप पत्ता वाचून तिचं नाव दाखवतं, तुम्ही रक्कम घालता आणि पिन टाकता. हा पिन कुलूपबंद होऊन तुमच्या बँकेकडे जातो. ॲप तो स्वतःकडे ठेवत नाही. बँक तो तपासते, तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते, तिची बँक तिच्या खात्यात जमा करते आणि टोपलीमागचा छोटा डबा मोठ्यानं रक्कम सांगतो. या सगळ्या प्रवासात पैसे एकदाही तुमच्या फोनमध्ये आलेले नसतात. मग फोनबरोबर बुडतील कसे? आबांचा एक पैसाही गेला नव्हता. नवा फोन घेतला, तेच सिम घातलं, त्या सिमवरून ॲपनं बँकेला एक एसएमएस पाठवून हा नंबर याच फोनमध्ये आहे याची खात्री करून घेतली, डेबिट कार्डाच्या आधारे नवा पिन ठेवला आणि खातं समोर आलं.

यातला एकच अपवाद सांगायला हवा. यूपीआय लाइट नावाची सोय आहे, ज्यात चहापाव, बसचं तिकीट असे छोटे खर्च पिनशिवाय होतात. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, आणि आत जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात. पिन नसल्यामुळं उघडा फोन ज्याच्या हाती लागेल तो ते खर्च करू शकतो. खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखे ते धरा आणि तितकेच ठेवा.

पिनबद्दल एक गोष्ट मी घरोघरी सांगत असतो. पैसे घेताना पिन लागत नाही. कधीच लागत नाही. पिन म्हणजे 'माझ्या खात्यातून काढा' अशी तुमची सही. त्यामुळं जुना फ्रीज विकायला काढलात आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "काकी, मी पैसे पाठवलेत, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका," तर तिथंच फोन ठेवून द्यायचा. आणि दुकानात पैसे देताना पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचायचं. दुकानदाराच्या कोडवर कुणी दुसराच कागद चिकटवला असेल तर नाव चटकन सांगतं.

ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांनाही यूपीआय वापरता येतं, हे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२२ पासून यूपीआय १२३पे चालू आहे: ठरलेल्या क्रमांकाला फोन लावायचा, आवाज सांगेल तसे आकडे दाबायचे आणि पिन टाकायचा. इंटरनेट लागत नाही. सत्तरी तालुक्यात नाहीतर सांग्याच्या आतल्या वाड्यांवर राहणाऱ्यांच्या हे उपयोगी पडेल.

लायसन आणि आधार गेलं असं आबा म्हणत होते, ते डिजिलॉकरबद्दल. ही सरकारी सेवा जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात दोन कप्पे आहेत आणि त्यांतला फरक समजला पाहिजे. पहिल्या कप्प्यात खात्यानं स्वतः दिलेले दाखले असतात. आबांचं लायसन वाहतूक खात्याच्या नोंदीतून थेट तिथं आलेलं होतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे असा दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः फोटो काढून चढवलेले कागद असतात. ते नुसते फोटो. लायसनचा मोबाइलनं काढलेला फोटो पत्रादेवीच्या किंवा पोळेच्या नाक्यावर दाखवून चालत नाही, डिजिलॉकरच्या पहिल्या कप्प्यातलं किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन चालतं, ते याचमुळं. तरी चोर्ला घाटातून किंवा अनमोडहून जाताना रेंज जाते हे लक्षात ठेवा, आणि लांबच्या वाटेला मूळ कार्ड खिशात असू द्या.

आधारची प्रत कुणाला द्यावी लागली तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं.

आबांच्या पेन्शनचंही तसंच. दर नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण' या सेवेतून जातो. ती २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून बोटांच्या ठशांऐवजी फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. आबांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, वयानं झिजलेत, म्हणून त्यांना चेहऱ्याची सोय फार मोलाची. दाखला गेला तो पेन्शन देणाऱ्या कचेरीकडे, नदीत नाही.

यादी करता करता आबांनी मध्येच विचारलं, "आणि आमच्या भाटाचा एक-चौदा?" भाट म्हणजे नारळीची बाग; मागच्या वर्षी मी त्यांना तिचा उतारा फोनवर काढून दिला होता. महाराष्ट्रात सातबारा, तसा आमच्याकडे फॉर्म एक व चौदा: जमीन कुणाच्या नावावर, कूळ कोण, पीक काय, आणखी कुणाचे हक्क आहेत. भू-सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि त्याचा उपविभाग घातला की तो उतारा पाहता येतो. आबांच्या फोनमध्ये होती ती त्याची एक प्रत. नोंद खात्याच्या संगणकावर आहे, माझ्या फोनवर पुन्हा काढली.

या सेवेबद्दल मला जरा जास्त लिहावंसं वाटतं. गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईला, आखातात, पोर्तुगालला, इंग्लंडला आहेत. भाटात नारळ पडतो, घराला कुलूप आणि एक-चौदावर आजोबांचं नाव. अशाच जमिनी खोट्या दस्तांनी हडपल्या गेल्या. ही प्रकरणं इतकी वाढली की २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. पूर्वी नोंद पाहायची म्हणजे मामलेदार कचेरीत खेपा. आता लिस्बनला बसलेली नातही फोनवर पाहू शकते की मालकाच्या रकान्यात कालपर्यंत असलेलं नाव आज आहे की नाही. बदल दिसला तर हरकत घ्यायला वेळ हाताशी असतो, आणि अशा कामात वेळच सगळं ठरवतो. दर चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर साफ करता ना, त्याच दिवशी एकदा सर्व्हे नंबर घालून पाहा. सर्व्हे नंबर ठाऊक नसेल, तर घरातल्या थोरांना तो आत्ताच विचारून लिहून ठेवा. उत्पन्नाचा, रहिवासाचा असे दाखले आणि इतर खात्यांचे अर्ज 'गोवा ऑनलाइन'वर करता येतात, ते एकदा उघडून बघण्यासारखं आहे.

आता आबांनी म्हटलेल्या त्या हाताकडे येतो. खिडकी तुटून फारसं बिघडत नाही. ती दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर बिघडतं. आणि हल्ली त्यासाठी फोन चोरावाही लागत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, नाहीतर वाहनाच्या दंडाचं चलन, नाहीतर 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार' असा वीज खात्याच्या नावानं केलेला खोटा संदेश. सोबत एक फाइल, तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरं. पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. ती एपीके कशी असेल? एपीके म्हणजे अख्खं ॲप. ते बसवलं आणि ते मागेल ती परवानगी दिली की ते तुमचे एसएमएस वाचतं, म्हणजे ओटीपी वाचतं. म्हणून ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं, आणि तिथलंही घेताना ते काय मागतंय ते पाहायचं. टॉर्चच्या ॲपला तुमचे नातेवाईक कोण आहेत हे जाणून घ्यायची गरज नसते.

दुसरी वाट जास्त गोड बोलून येते. "काका, मी मदत करतो, हे ॲप घ्या आणि कोड सांगा." हे पडदा शेअर करणारं ॲप. त्यानंतर तुम्ही जे जे टाइप कराल ते पलीकडे दिसतं. तिसरी धाकानं येते: पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल, 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका'. अशी अटक कायद्यात नाहीच. फोन कापा आणि घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा. या भामट्यांचं सगळं बळ माणूस एकटा पडण्यात आहे.

आणि पैसे गेलेच तर १९३०. हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक तोंडपाठ असू द्या. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे भराभर पळवले जातात. तक्रार लवकर नोंदली तर वाटेतल्या एखाद्या खात्यात ते गोठवता येतात. लाज वाटते म्हणून लोक दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे हाती लागण्यापलीकडे जातात. फसलेल्या माणसाची यात काही चूक नाही. ताबडतोब फोन करा.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, खातं या भागात, दोन टप्प्यांची पडताळणी म्हणून सोय आहे. सहा आकडी पिन ठेवला की नुसत्या ओटीपीवर कुणी तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उघडू शकत नाही. दोन मिनिटांचं काम, पण तुमच्या नावानं तुमच्या भावाकडे पैसे मागण्याचा भामट्यांचा नेहमीचा धंदा त्यानं बऱ्याच अंशी अडतो.

आबांचा नवा फोन लावून देताना मी काही गोष्टी आपणहून घातल्या. दामिनी हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं. वीज कडाडते तेव्हा रेडिओ लहरी निघतात. देशभर बसवलेली यंत्रं त्या पकडतात आणि वीज कुठं पडली ते काढतात. तुमच्या आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात ती पडत असेल तर ॲप इशारा देतं. आबा अजून खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर जातात. उघड्या शेतात, आजूबाजूला पाणी आणि माणूसच सगळ्यात उंच. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात हे ॲप खरोखर जीव वाचवू शकतं. मासेमारीला जाणाऱ्यांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचं 'समुद्र' ॲप आहे: लाटांची उंची, इशारे, आणि उपग्रहानं मोजलेलं पाण्याचं तापमान व हिरवळ यांवरून मासळी कुठं मिळण्याची शक्यता आहे ते. १ जून ते ३१ जुलैची बंदी उठली की मालीम आणि कुटबणच्या ट्रॉलरांवर ते असलंच पाहिजे, असं मला वाटतं.

मडगाव, करमळी, थिवी इथून गाडी पकडणाऱ्यांनी रेलवन घ्यावं. जुलै २०२५ मध्ये आलेलं हे रेल्वेचं ॲप आरक्षित आणि साधं, दोन्ही तिकिटं देतं आणि गाडी कुठं पोचली तेही सांगतं. टॅक्सीसाठी गोवामाइल्स आहेच.

आणि भाषा. आबांना बारीक कीबोर्डवर टाइप करता येत नाही, म्हणून ते आयुष्यभर सुंदर पत्रं लिहिलेला माणूस नुसते अंगठे पाठवत असत. गूगलच्या कीबोर्डवर, म्हणजे जीबोर्डवर, मराठी भाषा निवडून माइकचं चित्र दाबलं आणि म्हटलं, बोला. ते बोलले, "चिरंजीव सौभाग्यवती सुमन हिस अनेक आशीर्वाद," आणि तसंच्या तसं देवनागरीत उमटलं. ते कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. इंग्रजी सरकारी पत्र आलं तर गूगल लेन्सनं त्याचा फोटो घेऊन मराठीत वाचता येतं. भाषांतर चुकतं अधूनमधून, पण पत्र कशाबद्दल आहे तेवढं कळतं. २०२२ पासून गूगलच्या भाषांतरात कोकणीही आहे.

आता यादीतला शेवटचा भाग, आणि तोच अवघड. जे खरंच बुडालं ते.

ते होते फोटो. दोन वर्षांपूर्वीच्या चवथीचे, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना काकी, म्हणजे आबांच्या पत्नी, स्टुलावर उभ्या आहेत आणि हातात आंबाड्यांचा घोस आहे असा एक. ती त्यांची शेवटची चवथ. शिवाय काकींच्या आवाजातले व्हॉट्सॲपवरचे निरोप. आबांनी हे शेवटी, अगदी हळू आवाजात विचारलं.

फोटो फोनच्या पोटात असतात. ते लांबच्या संगणकावर तेव्हाच जातात, जेव्हा बॅकअप सुरू केलेला असतो. आबांचा बंद होता. अँड्रॉइडवर गूगल फोटोज उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या नावाच्या गोलावर बोट ठेवा. बॅकअप चालू आहे की बंद ते तिथंच लिहिलेलं असतं. जागा १५ जीबी मोफत, पण ती जीमेल आणि ड्राइव्ह मिळून एकच. जून २०२१ पूर्वी फोटोंना मर्यादा नव्हती, आता आहे, म्हणून 'शुभ सकाळ'ची चित्रं अधूनमधून काढून टाका. व्हॉट्सॲपचे निरोप कंपनी पोचल्यानंतर आपल्याकडे ठेवत नाही. त्यांचा बॅकअप वेगळा असतो, व्हॉट्सॲपच्याच सेटिंगमध्ये, चॅट या भागात. त्याला पासवर्ड घातलात तर तो कागदावर लिहा, कारण विसरलात तर कंपनीलाही तो उघडता येत नाही. फोन नंबर साठवताना 'फोन' किंवा 'सिम' न निवडता गूगल खातं निवडा. आबांच्या मुलीनं कधीतरी ते करून ठेवलं होतं, म्हणून नव्या फोनमध्ये खातं घालताच सगळी नावं एकामागून एक आली: पाववाला पोदेर, डॉक्टर, देवळाचे भटजी.

काकींचा आवाज आला नाही. मी खूप प्रयत्न केला.

पण माटोळीचा फोटो आबांनी त्या चवथीला घरच्या ग्रुपवर टाकला होता. म्हणजे तो ग्रुपमधल्या एकवीस फोनांत गेला होता. मी ग्रुपवर विचारलं, आणि रात्री दहाच्या सुमारास डोंबिवलीहून त्यांच्या भाचीनं तो पाठवला. शिवाय स्वतः काढलेले आणखी चार. एकात काकी खाली बघून कुणाला तरी सुतळी मागताहेत.

मी पाचही फोटो उतरवून घेतले, बॅकअप सुरू केला आणि फोन वायफायवर लावून ठेवला. पुढच्या रविवारी पणजीला नेऊन त्यांतला सुतळीचा फोटो कागदावर छापून आणला. तो आता आबांच्या देवघराशेजारी आहे, आणि त्याच्या पाठीमागे आबांच्या टपालखात्यातल्या वळणदार अक्षरात नव्या फोनचा आयएमईआय, गूगल खात्याचा पत्ता आणि १९३० लिहिलेलं आहे.